‘हर्षद संख्या’ की ‘हर्षदा संख्या’?

‘संख्या’ हा शब्द स्त्रीलिंगी असताना ‘हर्षद संख्या’ असे लिहिणे व्याकरणाला धरून आहे का, ‘हर्षदा संख्या’ असे लिहायला नको का, आणि हा हर्षद नावाचा गणिती कोण, असे प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. येथे ‘हर्षद’ हे कोणाचेही नाव नाही. देवळालीला शाळेत शिकवणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी हा शब्द संस्कृतातून घडवला. ‘हर्ष देणारा तो हर्षद’ असा हा उपपद तत्पुरुष समास असून त्यातला ‘द’ हा ‘देणे’ या अर्थाच्या ‘दा’ धातूपासून आलेला आहे. जलद, म्हणजे मेघ, आणि धनद, म्हणजे कुबेर, या शब्दांतला ‘द’ही तोच. ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. उदाहरणार्थ, १,४२,८५७ या संख्येतील अंकांची बेरीज २७ येते आणि २७ × ५,२९१ = १,४२,८५७.

आता लिंगाविषयी. संस्कृतात विशेषण विशेष्याच्या लिंगाप्रमाणे बदलत असल्याने तेथे ‘हर्षदा संख्या’ हेच रूप योग्य ठरेल. मराठीत मात्र ‘चांगला’सारखी आकारान्त विशेषणे बदलतात, अकारान्त विशेषणे सहसा तशीच राहतात. आपण ‘सुखद बातमी’ म्हणतो, ‘सुखदा बातमी’ म्हणत नाही. तसेच सम, विषम, पूर्ण, मूळ ही विशेषणेही ‘संख्या’ या शब्दापुढे न बदलता येतात. नर्मदा, सुखदा, हर्षदा ही आकारान्त रूपे मराठीत विशेषनामे म्हणून रुळली आहेत. म्हणून माझ्या मते मराठी लेखनात ‘हर्षद संख्या’ हेच योग्य आहे.

वर उदाहरण म्हणून घेतलेली १,४२,८५७ ही संख्या ‘संयुक्त’ही आहे, कारण तिचे मूळ अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ असे पडतात. (संयुक्त या अर्थाने ‘संमिश्र’ लिहू नये, संमिश्र संख्या हा अगदी वेगळा प्रकार आहे.) ती ‘कापरेकर संख्या’ही आहे आणि तेथे मात्र व्यक्तिनामच आहे: तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि त्याचे दोन तुकडे करून बेरीज केली की २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. या विशेषणांत एक फरक आहे. संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी तिचे संयुक्तपण टळत नाही. हर्षदपण मात्र अंकांवर अवलंबून असल्यामुळे दशमान पद्धतीऐवजी दुसरी पद्धत घेतली तर ते पुन्हा तपासावे लागते.

पाश्चात्त्य लेखनात या संख्यांना आयव्हन निव्हेन या गणितज्ञाच्या नावाने ‘निव्हेन संख्या’ असेही म्हणतात. त्या नावातून व्याख्याही कळत नाही आणि आनंदही. कापरेकरांच्या नावाने ओळखला जाणारा स्थिरांक ६१७४ आहे; त्याच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६१७४. म्हणजे तोही हर्षदच.