नागपूरच्या नटाला मुंबईला जावंच लागतं का? आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रात्रभराच्या नाटकांत, काम केलं की शिक्का बसतो, हे खरं आहे का?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. मालिका आणि सिनेमे करायचे असतील तर मुंबई गाठावी लागते, कारण सेट तिथे आहेत, ऑडिशन तिथे होतात आणि फोन आला की दोन तासांत पोहोचावं लागतं. नागपुरात ‘झुंड’ सिनेमासारखं मोठं काम रोज येत नाही.

दुसरा प्रश्न मात्र मला लागला. तुम्ही लिहिलंय की तुमचे दिग्दर्शक म्हणतात, वडशाला, म्हणजे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या गावाला, गेलास तर शिक्का बसेल. हे वाक्य मी २००९ साली जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात हिशेब लिहायचो, पगार साडेचार हजार. संध्याकाळी सात ते दहा महालातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसत होतं आणि मला थोरल्या मुलाची भूमिका मिळाली होती. आमचे सर जाणकार होते. उभं कसं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे सोडायचं हे सगळं त्यांनीच शिकवलं. ते मी नाकारत नाही.

दिवाळी संपली आणि वडशाहून एका ओळखीच्याचा फोन आला. त्यांच्या नाटक कंपनीतला खलनायक तापानं पडला होता. चार गावं, चार रात्री, रात्रीचे आठशे. हिशेब तुम्हीच करा. प्रयोगाला तीन आठवडे होते, म्हणून मी सरांकडे चार दिवसांची सुट्टी मागितली. सगळ्यांसमोर ते म्हणाले, “जा. पण मग परत येऊ नकोस. तिथे नट होत नाही, भोंगा होतो.”

मी गणेशपेठेतून एसटी पकडली. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल आणि वडसा. संहिता दुपारी हातात पडली, एक वाचन झालं आणि संध्याकाळी आम्ही आरमोरीकडच्या एका गावाला निघालो. नाटक दहाचं, पडदा सव्वाअकराला वर गेला. समोर बाया, लेकरं, म्हातारे, सतरंज्या, घोंगड्या, आणि धानाच्या बांध्यांवरून येणारी थंडी.

पहिल्या प्रवेशात मी सरांचं सगळं शिक्षण वापरलं. हळू बोललो, थांबलो, नजर खाली ठेवली. अंधारातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, “ऐकू येऊन नाई राहिलं गा! मोठ्यानं बोल!” मंडप हसला. माझे कान तापले. विंगेत आलो तर बापाचं काम करणारे काका उभे होते, पन्नाशीचे, दिवसा शेती करणारे. ते म्हणाले, “बापू, ओरडू नको. त्या बाईले नजरेत धर आन् तिच्याशी बोल. ती आयकली का सारं गाव आयकते.”

पुढच्या प्रवेशात मी तेच केलं. शेवटच्या रांगेत कुठेतरी ती बसलेली आहे असं धरून बोललो. ओरडलो नाही, घशाला ताण दिला नाही, फक्त वाक्य तिथवर पोचवलं. पहाटे साडेतीनच्या सुमारास माझं पात्र सख्ख्या बहिणीला घराबाहेर काढतं. तो प्रवेश संपला तेव्हा त्या अख्ख्या मंडपात एक लेकरूसुद्धा रडत नव्हतं. मी रंगमंचावर शांतता ऐकली ती त्या रात्री पहिल्यांदा. नागपुरात आमच्यासमोर बसणारे अर्धे लोक नातेवाईक असायचे आणि उरलेले दुसऱ्या संस्थांचे. तिथली शांतता सौजन्याची असते.

उजाडताना लोक सतरंज्या गुंडाळून घरी गेले. काकांनी तेल लावून रंग पुसला, धोतर बदललं आणि मळणीला निघून गेले. रात्री दुसऱ्या गावात पुन्हा हजर. चौथ्या रात्री माझ्या लक्षात आलं की हातांचं काय करायचं हा विचार डोक्यातून गेलेला आहे. दोन वर्षं तालमीत तो विचार गेला नव्हता.

परत आलो तर थोरल्या मुलाचं काम दुसऱ्याला दिलेलं होतं. सरांशी माझं बोलणं पुढे सात वर्षं बंद राहिलं.

आता शिक्क्याचं सांगतो. २०१३ला मी मुंबईला गेलो, गोरेगावात चौघांत एक खोली. पहिली दोन वर्षं मी माझ्या बायोडेटात झाडीपट्टीचा उल्लेख करत नव्हतो. राज्य नाट्य लिहायचो, एकांकिका लिहायचो, चार हंगाम रात्र रात्र उभं राहून केलेलं काम लपवायचो. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. ऑडिशनच्या खोलीत कुणी विचारलंही नव्हतं. तो शिक्का सरांनी माझ्या डोक्यात मारला होता आणि मी तो स्वतःच घेऊन फिरत होतो. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

मग एका दैनंदिन मालिकेत हवालदाराचं काम मिळालं, तीन दिवसांचं. दुसऱ्या दिवशी सहा पानांचा सीन सेटवरच लिहून आला. लाइट लागेपर्यंत पाठ हवा होता. मी दोनदा वाचला आणि एका टेकमध्ये दिला, कारण वडशात दुपारी संहिता आणि रात्री प्रयोग हीच माझी शाळा होती. त्या तीन दिवसांचे पुढे चाळीस दिवस झाले.

परशुराम खुणे गडचिरोली जिल्ह्यातले, आयुष्यभर झाडीपट्टीत काम केलेले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरांसारख्या लोकांना हे नाव माहीत नसतं असं नाही. ते त्याला लोककला म्हणून बाजूला ठेवतात, म्हणजे नाटक म्हणायला नको. ज्या नागपूरनं दारव्हेकर मास्तर आणि एलकुंचवारांसारखे नाटककार दिले, त्याच नागपुरातले लोक सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या रंगभूमीकडे असं बघतात. एक हंगाम तरी तिथे रात्र काढल्याशिवाय कुणी तिथल्या नटाला भोंगा म्हणू नये.

आता सरांच्या बाजूचंही सांगायला हवं. कॅमेऱ्यासमोर पहिल्या दिवशी दिग्दर्शक मला तीनदा म्हणाला, “खाली आण, खाली आण.” चेहरा शांत करायला मला महिना लागला. तेवढ्यापुरते सर बरोबर होते. आणि झाडीपट्टीत सगळंच चांगलं नाही. काही नाटकांत मधले नाचच लांबत जातात आणि नाटक त्यांच्यासाठी थांबतं. हंगाम दिवाळी ते होळी, बाकीचे महिने पोट दुसऱ्या कशावर तरी भरावं लागतं. नाटक संपल्यावर पहाटे गाडीनं परतायचं असतं, चालकही रात्रभर जागाच असतो. तुमच्यासोबत मुली येणार असतील तर मुक्काम कुठे आणि सोबत कोण हे आधी विचारा, लाजू नका. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख देऊ नका.

मुंबईत मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी हातात येतात, हे धरूनच जा. सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण जवळ असल्याशिवाय निघू नका. वयाची काळजी करू नका, तुम्ही सव्वीसचे आहात. डॉक्टर लागूंनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटक धरलं तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. अर्थात त्यांच्या हातात एक पदवी होती, तुमच्या हातात काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नोकरी असेल तर पहिला हंगाम रजा टाकून करा.

तुमच्या दिग्दर्शकांना मात्र आधी सांगा. राज्य नाट्यची प्राथमिक फेरी बहुतेक वेळा नोव्हेंबर-डिसेंबरात येते, म्हणजे नेमकी हंगामात. मी ऐन वेळी सुट्टी मागितली, ती माझी चूक होती. तुम्ही दिवाळीच्या आधीच दोन्हीकडच्या तारखा कागदावर मांडा आणि त्यांच्यासमोर ठेवा. तरीही ते नाही म्हणाले तर वडशाला जा.

सर मला २०१६मध्ये नागपूरच्या देशपांडे सभागृहात एका नाटकाच्या मध्यंतरात भेटले. मालिकेतलं काम बघितल्याचं म्हणाले. मग विचारलं, “एवढी पानं कशी पाठ करतोस रे?” मी वडशाचं नाव घेतलं. ते चहाचा कप घेऊन दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला निघून गेले.