खानापूरच्या घरी माळ्यावर अनेक वर्षे पडून असलेला क्वाड ४०५ थेट चालू करावा का?

थेट चालू करू नये. १९७५ साली आलेला हा इंग्लिश पॉवर अँप्लिफायर दणकट आहे, परंतु खानापूरकडच्या पावसाळी ओलीत इतकी वर्षे राहिल्यामुळे आधी झाकण उघडून जोडांवरचा हिरवट गंज आणि मोठ्या फिल्टर कपॅसिटरचा (वीज साठवून पुरवठा सपाट करणाऱ्या डब्यांचा) फुगवटा पाहावा, तसेच व्होल्टेजची जुळणी २४० वर आहे याची खात्री करावी. मग स्पीकर न जोडता, १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब (एलईडी चालणार नाही) सिरीजमध्ये, म्हणजे यंत्राकडे जाणारी वीज बल्बमधूनच जाईल असा लावून वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, प्रखरच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (एकदिश) व्होल्टेज मोजावे. काही मिलिव्होल्ट चालतील. कित्येक व्होल्ट दिसल्यास त्या चॅनेलला स्पीकर मुळीच जोडू नये, कारण स्पीकरमधले तारेचे वेटोळे (व्हॉइस कॉइल) जळेल. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत, मात्र त्याआधी रेझिस्टरमार्फत त्यांतील चार्ज उतरवावा. आउटपुट ट्रान्झिस्टर चांगले असतील तर उगाच काढू नयेत, बाजारात नकली माल फार आहे. ‘करंट डंपिंग’ रचनेमुळे (लहान अचूक अँप्लिफायर सूत्रे सांभाळतो, मोठे ट्रान्झिस्टर फक्त जादा प्रवाह पुरवतात) या यंत्रात बायस, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधला आवाज नसतानाचा प्रवाह, जुळवावाच लागत नाही. बेळगावात कोणी त्याचे वेगळे पैसे मागितले, तर यंत्र परत घेऊन यावे.