वाचकांचे प्रश्न : काटक्यांच्या बरणीत कोळी कमी माश्या का मारतो?

प्रश्न : आमच्या विज्ञान मंडळातील मुलांनी काचेच्या दोन सारख्या बरण्या घेऊन प्रत्येकीत एक उड्या मारणारा कोळी आणि सारख्याच संख्येने चिलटे सोडली. एक बरणी रिकामी ठेवली, दुसरीत काटक्या आणि पाने घातली. दुसऱ्या दिवशी रिकाम्या बरणीत जवळजवळ एकही चिलट उरले नव्हते. पानांच्या बरणीत मात्र निम्म्याहून अधिक जिवंत होती. पालापाचोळा आणि दाट झुडपे असतील तेथे कोळ्यांचा किडींवर अधिक वचक असतो, असे आम्ही वाचले होते. मग प्रयोगात उलटे का घडले?
— एक शिक्षिका

उत्तर : उलटे काही घडलेले नाही. मुलांनी एक गोष्ट मोजली आणि आपण वाचलेल्या मजकुरात दुसरीच गोष्ट सांगितलेली होती. एका ठिकाणी एकूण किती माश्या मारल्या जातात, हे एक कोळी किती माश्या मारतो आणि तेथे कोळी किती आहेत, या दोन्हींवर अवलंबून असते. बरणीत कोळ्यांची संख्या आपणच एकवर बांधून टाकलेली असते. त्यामुळे तेथे केवळ पहिली बाब दिसते आणि अडगळ वाढली की ती बहुधा घटते. बाहेर शेतात-रानात मात्र अडगळीचा मोठा परिणाम दुसऱ्या बाबीवर, म्हणजे कोळ्यांच्या संख्येवर होतो.

आधी बरणीचा विचार करू. उड्या मारणारा कोळी डोळ्यांवर शिकार करतो. बाजूच्या डोळ्यांना हालचाल जाणवली की तो वळतो, समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी भक्ष्य निरखतो, दबकत जवळ जातो आणि झेप घेतो. रिकाम्या बरणीत या साखळीत कोठेही अडथळा नसतो. पाने आली की नजर अडते, वाट वळणावळणाची होते आणि झेप घेण्यापूर्वीच चिलट पानामागे गेलेले असते. शिवाय काटक्यांमुळे बसण्यायोग्य पृष्ठभाग कितीतरी वाढतो, म्हणजे तीच चिलटे अधिक जागेवर विरळ पसरतात. आडोसा आणि विरळपणा हे दोन वेगळे परिणाम आहेत, आणि असे बहुतेक प्रयोग दोन्ही एकत्र मोजतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

चिलटे पानामागे ‘लपतात’ असे म्हणण्यापूर्वी मात्र थोडे थांबावे. ती मुख्यतः उजेडाकडे आणि वरच्या दिशेला जातात. त्यांना मिळालेला आडोसा पुष्कळदा योगायोगाचा असतो. तरीही त्यांचे वर्तन अगदीच निरर्थक नसते. ड्रोसोफिला माशीवर (म्हणजे फळांवर घोंघावणाऱ्या चिलटावर) काही झेपावत आल्यासारखी वाढती सावली दाखवली, तर वेगाने चालणारी माशी बहुधा पळ काढते आणि संथ चालणारी जागच्या जागी थिजते, असे प्रयोगांत आढळले आहे. हालचालीवरून शिकार हेरणाऱ्या कोळ्यापुढे, पानांच्या गर्दीत थिजून राहणे हा बचावाचा चांगला मार्ग ठरू शकतो.

आडोशाचे हे महत्त्व जुन्या प्रयोगांतूनही दिसते. 1934 साली गाउझे या रशियन शास्त्रज्ञाने पॅरामेशियम आणि त्याला खाणारा डिडिनियम हे सूक्ष्मजीव एकत्र वाढवले. स्वच्छ द्रवात डिडिनियमने सर्व भक्ष्य संपवले आणि मग तो स्वतःही उपासमारीने मेला. तळाशी गाळ असताना मात्र काही पॅरामेशियम त्यात सुरक्षित राहिले, डिडिनियम नाहीसा झाला आणि पॅरामेशियमची संख्या पुन्हा वाढली. 1958 साली हफेकर या शास्त्रज्ञाने संत्र्यांवर राहणारा कोळीकीटक (माइट; कोळ्याचा सूक्ष्म नातेवाईक, कोळी नव्हे) आणि त्याला खाणारा दुसरा कोळीकीटक यांच्यावर प्रयोग केले. साध्या मांडणीत भक्ष्य आणि मागोमाग भक्षक, दोघेही संपत. संत्र्यांची संख्या 252 पर्यंत नेऊन, मध्ये व्हॅसलीनचे अडथळे घालून आणि भक्ष्याला हवेतून पुढे जाता यावे म्हणून लहान काठ्या उभारल्यावर, दोघांच्या संख्येचे तीन चढउतार होईपर्यंत ती जोडी टिकली. आडोशामुळे मारण्याचा वेग कमी होतो, पण त्यामुळेच भक्षकाला पुढे खायला काही उरते.

भक्ष्याच्या संख्येप्रमाणे हा परिणाम बदलतो. 1959 साली हॉलिंग या शास्त्रज्ञाने डोळे बांधलेल्या साहाय्यकाला टेबलावर टाचलेल्या सॅंडपेपरच्या चकत्या बोटांनी चाचपून शोधायला लावल्या. चकत्या वाढवल्या तसा सापडण्याचा वेग आधी वाढला, पण पुढे मंदावत गेला, कारण प्रत्येक चकती उचलून बाजूला ठेवण्यात वेळ जाई. कोळ्यालाही पकडलेली माशी चावून, पाचकरसाने विरघळवून, शोषून घेण्यात वेळ लागतो. आता आडोशाच्या मोक्याच्या जागा मोजक्याच आहेत असे समजा. चिलटे थोडी असतील तर ती सर्व तेथे मावतात आणि कोळी जवळजवळ उपाशी राहतो; चिलटे वाढली की उरलेली उघड्यावर येतात आणि शिकार झपाट्याने वाढते. मुलांनी एकाच संख्येवर न थांबता कमी-अधिक संख्यांनी हाच प्रयोग केला, तर दोन्ही बरण्यांतील फरक बदलत जाताना दिसण्याचा चांगला संभव आहे.

हे सर्व उड्या मारणाऱ्या कोळ्याचे झाले. कोळ्याची जात बदलली की उत्तरही बदलते, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत रोचक भाग हाच आहे. जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या लांडगा कोळ्यांपैकी अनेकांना गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, तर चिलटे नेमकी काचेच्या वरच्या भागात बसतात. अशा बरणीत काटकी म्हणजे कोळ्याला मिळालेली शिडीच. शिवाय पायांतील सूक्ष्म चिरांसारख्या ज्ञानेंद्रियांनी हा कोळी कंपने टिपतो, आणि ती कंपने माती-दगडांपेक्षा वाळलेल्या पानांतून चांगली पोहोचतात. म्हणजे जे पान नजर अडवते तेच पान माशीची चाहूलही देते. चाकासारखे जाळे विणणाऱ्या कोळ्याला तर आधाराच्या टोकांशिवाय जाळे ताणताच येत नाही. त्याला रिकामी बरणी दिली, तर मुलांच्या प्रयोगाचा निष्कर्ष पूर्ण फिरू शकतो.

बाहेरच्या शेता-रानाविषयी लँगेलोटो आणि डेनो या शास्त्रज्ञांनी 2004 साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. वनस्पतींची आणि पालापाचोळ्याची रचना गुंतागुंतीची केल्यावर किडींच्या नैसर्गिक शत्रूंची संख्या वाढते आणि त्यांत कोळ्यांचा प्रतिसाद विशेष ठळक असतो, असे त्यांना दिसले. पाचोळ्यात ओलावा टिकतो, पर्यायी भक्ष्य मिळते, जाळ्यांना आधार मिळतो आणि कोळ्यांना त्यांच्या स्वतःच्या शत्रूंपासून बचाव करता येतो. या शत्रूंत इतर कोळीही आले, ही गोष्ट सहसा विसरली जाते. फिंके आणि डेनो यांनी 2002 साली खाऱ्या दलदलीतील गवतावर केलेल्या अभ्यासात लांडगा कोळी आणि एक भक्षक ढेकूण (घरातला ढेकूण नव्हे, तर त्याच गटातील कीटक खाणारा कीटक) असे दोन शिकारी होते. दोघेही गवतावरचे तुडतुडे खात आणि कोळी ढेकणालाही खाई. वाळलेल्या गवताचा थर असताना कोळ्याच्या तावडीतून ढेकूण वाचले आणि दोघांनी मिळून तुडतुड्यांवर अधिक दाब ठेवला. बरणीत एकच कोळी असताना हा परिणाम दिसणे शक्यच नव्हते.

प्रश्न : मी पदवीच्या वर्गात आहे आणि कोळी, ड्रोसोफिला व अधिवासाची गुंतागुंत यांवर प्रकल्प करणार आहे. मांडणीत कोणत्या चुका टाळाव्यात?
— एक विद्यार्थी

उत्तर : सर्वांत मोठी चूक मोजणीत होते. ‘सापडले नाही म्हणजे खाल्ले’ असे धरल्यास पानाच्या घडीत जिवंत बसलेले चिलटही खाल्लेले ठरते, आणि अशी चूक गुंतागुंतीच्या बरणीतच अधिक होते. म्हणून अखेरीस कोळी बाजूला काढून, बरणी बंदिस्त पांढऱ्या खोक्यात रिकामी करून, जिवंत चिलटे आणि शोषून टाकलेली सांगाडेवजा टरफले वेगवेगळी मोजावीत. काही चिलटे आपोआपही मरतात. त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या बरणीला कोळी नसलेली एक जोडबरणी ठेवणे अनिवार्य आहे.

कोळ्यांची भूक सारखी करण्यासाठी सर्वांना आधी पोटभर खाऊ घालून मग सारखेच दिवस उपाशी ठेवावे आणि पाण्यासाठी ओला कापूस द्यावा. प्रौढ नर पुष्कळदा खाण्यापेक्षा मादीच्या शोधात अधिक वेळ घालवतात, म्हणून माद्या किंवा एकाच आकाराची पिल्ले घेतलेली चांगली. एका बरणीत दोन कोळी ठेवू नयेत. ते एकमेकांना खातात. प्रत्येक बरणीला नवा कोळी असावा, कारण एकाच कोळ्याच्या अनेक चाचण्या या स्वतंत्र नोंदी ठरत नाहीत.

हिरवी पाने हवेतील ओलावा वाढवतात आणि तेवढ्याने चिलटांचे वर्तन बदलू शकते. प्लास्टिकची पाने वापरली तर ही अडचण राहत नाही. न उडणाऱ्या, आखूड पंखांच्या चिलटांनी काम सोपे होते खरे, परंतु मग माशीचा मुख्य बचावच आपण काढून घेतलेला असतो, हे प्रकल्पात स्पष्ट लिहावे. आणि प्रयोग फार लांबवू नये. रिकाम्या बरणीतील चिलटे दोन तासांत संपली आणि मोजणी दुसऱ्या दिवशी केली, तर वेगातील खरा फरक नोंदीत उतरतच नाही. ठरावीक अंतराने बाहेरून मोजत राहावे.

प्रश्न : घराच्या कोपऱ्यांतील जाळी न काढता तशीच ठेवली तर घरमाश्या कमी होतील काय?
— एक गृहिणी

उत्तर : फारशा नाहीत. घरमाशीची मादी आयुष्यात सुमारे 500 अंडी घालते आणि उष्ण हवेत अंड्यापासून माशी होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. कोळ्याची पिढी या वेगाशी बरोबरी करू शकत नाही. शिवाय कोपऱ्यातील जाळ्यात अडकतात ते बहुधा डास, चिलटे आणि इतर लहान कीटक. ओट्यावर किंवा कचऱ्यावर बसणारी घरमाशी त्या कोपऱ्याकडे क्वचितच जाते. उघडा ओला कचरा आणि जनावरांचे शेण ही त्यांच्या पैदाशीची ठिकाणे झाकल्याने किंवा हलवल्याने जो फरक पडेल, तो जाळ्यांनी पडणार नाही. जाळी ठेवायची की काढायची, हे मग आपल्या आवडीनुसार ठरवावे.