ग्रामसभेचे इतिवृत्त आणि आपली सही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभा आटोपल्या की ग्रामपंचायतीविषयीच्या पत्रांची संख्या वाढते, तशी ती यंदाही वाढली. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मराठवाड्यातील तालुक्यांत गावोगावची दप्तरे तपासण्यात गेली, त्यामुळे यातील बरेचसे प्रश्न मला माणसांसह आठवतात. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची व गावांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार आहोत. दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर (ऊसतोडीला) जातो आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततो. घरकुलाची यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर झाल्याचे गावी आल्यावर समजले. गणपूर्ती नसल्याने सभा तहकूब केली आणि नंतर मोजक्या लोकांत उरकली, असे सांगतात. अशी सभा कायदेशीर ठरते काय?

उत्तर : ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे गावातील एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसे लागतात, तर हजार मतदारांच्या गावात १०० पुरतात. तेवढी माणसे नसतील तर सभा तहकूब करावी लागते आणि त्या तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नसते. म्हणून केवळ माणसे कमी होती एवढ्या कारणावर तो ठराव रद्द होईल, अशी आशा मी आपल्याला लावणार नाही.

तपासण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागली होती काय आणि दवंडी दिली गेली होती काय, लाभार्थी निवडीचा विषय त्या नोटिशीत होता की ऐनवेळच्या विषयांत घुसडला गेला, पहिली सभा तहकूब झाल्याची नोंद वेळेसह इतिवृत्तात आहे काय, तहकूब सभा केव्हा व कोठे होणार हे लोकांना कळवले होते काय आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा झाली होती काय, हे सर्व कागदावरूनच सिद्ध होते. त्यासाठी नोटीस, उपस्थितीचे पान आणि इतिवृत्त यांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागाव्यात. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही, आणि ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. प्रतींमध्ये दोष दिसला तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत नोंदवावी. तोंडी तक्रारीवर चौकशी लागल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

याहून निकडीची गोष्ट २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची आहे, कारण आपण पुन्हा गाव सोडण्यापूर्वीची ती शेवटची सभा असेल. वगळलेल्या सर्व कुटुंबांनी आपापल्या सहीचे किंवा अंगठ्याचे स्वतंत्र अर्ज आजच ग्रामपंचायतीत द्यावेत, दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी आणि हा विषय नोटिशीत घेण्याची मागणी त्याच अर्जात करावी. विशेष ग्रामसभा हवी असल्यास सरपंच ती स्वतःहून बोलावू शकतात. जिल्हा परिषदेची स्थायी समिती, पंचायत समिती किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी मागणी केल्यास मात्र त्यांना ती बोलवावीच लागते. म्हणून सरपंचांना दिलेल्या अर्जाची एक प्रत पंचायत समितीकडेही जाऊ द्यावी.

वर्षात किमान चार ग्रामसभा घेण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे रूढ दिवस आहेत. ज्या वाडी-तांड्यांवर जानेवारीत निम्म्या घरांना कुलपे असतात, तेथे लाभार्थी निवडीसारखा विषय जानेवारीच्या सभेपुढे आणणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लाभार्थ्यांची निवड शक्यतो १ मे किंवा १५ ऑगस्टच्या सभेतच व्हावी, अशी सूचना आपण याच २ ऑक्टोबरला मांडावी आणि ती इतिवृत्तात लिहिली गेल्याशिवाय उठू नये.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात जालना जिल्ह्यातील आमच्या घराच्या नमुना आठवर थोरल्या भावाने एकट्याचे नाव लावून घेतले. माझा हिस्सा गेला काय?

उत्तर : गेला नाही. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची हे ठरवण्यासाठी ती ठेवली जाते, आणि केवळ तिच्यातील नोंदीने मालकी मिळतही नाही व जातही नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. उतारा हाती घेऊन नीट वाचावा. त्यात मालकाचे नाव आणि भोगवटादाराचे नाव असे दोन वेगळे रकाने असतात. अनेकदा जुने नाव मालकाच्या रकान्यात कायम असते आणि राहणाऱ्या भावाचे नाव केवळ भोगवटादाराच्या रकान्यात आलेले असते. उताऱ्याची घडी न उलगडता भावाभावांत बोलणे बंद झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

मालकाच्या रकान्यातच बदल झाला असेल, तर तो कोणत्या मासिक सभेच्या कोणत्या ठरावाने झाला, त्या वेळी मृत्यूचा दाखला व वारसांची यादी जोडली होती काय आणि इतर वारसांना नोटीस दिली होती काय, हे विचारणारा अर्ज द्यावा व सोबत लेखी हरकत नोंदवावी. मालकीचाच वाद असेल तर तो सोडवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते. आपण पत्रात दोघा भावांचाच उल्लेख केला आहे. बहिणी असतील तर वारस म्हणून त्यांचीही नावे लागतात, हे अर्ज करताना विसरू नये. पती-पत्नी दोघांच्या नावे घराची नोंद करण्याविषयीचे शासनाचे परिपत्रक २००३ पासून आहे, त्याचा लाभही जरूर घ्यावा.

घर गावठाणात असल्यास स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीनंतर भूमी अभिलेख विभागाकडून मिळकत पत्रिका मिळते. ही योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कोणाचे नाव आले आहे, हे नमुना आठच्या आधी पाहावे.

प्रश्न : आमचे सरपंच म्हणतात की वित्त आयोगाचा पैसा पाण्यासाठी व स्वच्छतेसाठीच असतो, रस्त्याला वापरता येत नाही. हे खरे आहे काय? (परभणी जिल्हा)

उत्तर : अर्धे खरे आहे. आपण ज्या २०२४-२५ च्या आराखड्याविषयी विचारता, त्या वर्षी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे तो स्वच्छता आणि पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखीव होता. उरलेला ४० टक्के अबंधित भाग गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता आणि त्यात अंतर्गत रस्ता बसत होता. पगार व आस्थापनेचा खर्च मात्र त्यातून करता येत नव्हता. तेव्हा रस्ता का झाला नाही, याचे उत्तर निधीच्या नियमात नसून गावाच्या विकास आराखड्यात आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात हा आराखडा ग्रामसभेपुढे येतो. त्या वेळी रस्ता कोणी मागितला नसेल तर तो आराखड्यात आला नसणार.

प्रत्यक्ष खर्च पाहायचा असल्यास ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडावे. आराखड्यातील कामे आणि पैसे कोणाच्या नावे व किती गेले, हे तेथे घरबसल्या दिसते. काम झाल्याचे दाखवले असेल पण जागेवर दिसत नसेल, तर त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागावी, कारण अभियंत्याने मोजमाप नोंदवल्याशिवाय बांधकामाचे देयक निघू नये अशी पद्धत आहे.

सरपंच मंडळींनाही एक विनंती आहे. हे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतात. सरपंचांचे डोंगल (डिजिटल स्वाक्षरी साठवलेले छोटे उपकरण) संगणक परिचालकाच्या खणात आणि पासवर्ड त्याच खणातल्या डायरीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला, असे मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिले आहे. ते डोंगल म्हणजे आपली सही आहे. ते आपल्याजवळच ठेवावे.

प्रश्न : दिव्यांगांसाठी ग्रामपंचायतीने खर्च करायचा असतो काय? (हिंगोली जिल्हा)

उत्तर : होय. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची असते. दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोडून अर्ज द्यावा आणि मागील वर्षांचा अखर्चित अनुशेष किती आहे, तेही त्याच अर्जात विचारावे.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. मासिक सभेला मला बोलावत नाहीत. शिपाई रजिस्टर घरी आणतो आणि ‘ताई, इथं सही करा’ म्हणतो. पानावर काही लिहिलेले नसते. घरातील माणसेही सही करून टाक म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण ते कोरे पान मी अनेकदा हातात धरलेले आहे. एका गावच्या तपासणीत इतिवृत्ताच्या वहीत सात सह्या पानाच्या तळाशी ओळीने होत्या आणि त्यांच्यावर ठराव असे दाटीने लिहिले होते की शेवटच्या दोन ओळी सह्यांच्या मधल्या जागेत शिरल्या होत्या. सह्यांची शाई निळी होती आणि ठरावाची काळी. त्यातील दोन सदस्या माझ्यासमोर बसल्या होत्या. विजेच्या मोटारीच्या खरेदीला आपण मंजुरी दिली आहे, हे त्यांना माझ्याकडून कळले. चौकशीत मात्र उत्तर त्यांनाही द्यावे लागले, कारण सही त्यांची होती.

म्हणून पहिली गोष्ट अशी की कोऱ्या पानावर सही करू नका. पानावर मजकूर असेल तर तो वाचून, सहीखाली तारीख घालून सही करा. मासिक सभेची नोटीस विषयांसह तीन पूर्ण दिवस आधी मिळणे हा सदस्याचा हक्क आहे. ती मिळत नसल्याचे सरपंचांना व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. सभेला निम्मे सदस्य प्रत्यक्ष हजर असावे लागतात. घरोघर फिरवलेल्या सह्या ही हजेरी होत नाही, आणि अशा सभेचा ठराव चौकशीत टिकणे कठीण असते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. रागाने सभांना जाणे सोडू नका. सलग सहा महिने परवानगीविना सभांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व जाऊ शकते, आणि नकोशा झालेल्या सदस्येला बाजूला करण्यासाठी याच तरतुदीचा आधार घेतला जातो. सभेत बसा, ठराव पटला नाही तर ‘माझा विरोध आहे’ एवढे शब्द इतिवृत्तात लिहून घ्या आणि ते लिहिल्याचे पाहूनच सही करा. आपल्याऐवजी पतीने किंवा दिराने सभेत बसणे नियमबाह्य आहे. महिला पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनी कामकाजात हस्तक्षेप करू नये, असे शासनाने परिपत्रकाने बजावलेले आहे.

तक्रारीची दखल घेतली गेली नाही तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ चा, म्हणजे दोषी सरपंचाला किंवा सदस्याला पदावरून दूर करण्याचा, मार्ग आहे. त्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि निर्णय छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय आयुक्तांकडे असतो. तो मार्ग लांबचा आहे. आधी गावातील इतर सदस्यांशी बोला. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे आपल्यासारख्या आणखी दोघी-तिघी त्याच वहीवर सह्या करत असणार. त्या एकाच महिन्यात थांबल्या, तर शिपायाला वही घेऊन परत जावे लागेल.

प्रश्न : तीन वर्षांची घरपट्टी थकली म्हणून मुलाचा जन्माचा दाखला अडवला आहे. असे करता येते काय? (नांदेड जिल्हा)

उत्तर : जन्म-मृत्यूच्या नोंदीचा दाखला थकबाकीसाठी अडवता येत नाही. ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ठरावीक मुदतीत द्यावयाची असते. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि मुदत उलटल्यास प्रथम अपील करावे. थकबाकी नसल्याचा दाखला मात्र बाकी भरल्याशिवाय मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. वसुलीसाठी देयक, मग मागणीची नोटीस आणि शेवटी जप्ती असा मार्ग कायद्यात दिलेला आहे, ग्रामपंचायतीने त्याच मार्गाने जावे.

तरीही कर भरावा, ही विनंती मी आग्रहाने करतो. गावच्या दिवाबत्तीचे बिल आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार याच पैशातून भागतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात मोटार जळाली की दुरुस्तीचे तीन-चार हजार रुपये स्वनिधीत नसल्याने आठवडाभर हंडे रिकामे राहिल्याचे मी पाहिले आहे. चालू वर्षाचा कर ३० सप्टेंबरपूर्वी भरल्यास ५ टक्के सूट मिळते आणि वर्ष उलटल्यावर ५ टक्के जादा आकार लागतो. रक्कम एकदम जमत नसेल तर जमेल तेवढी भरावी, पण पावती नमुना १० (ग्रामपंचायतीच्या कराच्या पावतीचा ठरलेला नमुना) मधीलच घ्यावी आणि तीवर वर्ष, मागील बाकी व चालू कर वेगळे लिहिले आहेत ना, हे तेथेच उभे राहून पाहावे.