जुन्या ड्युअल कोर पीसीवर (विंडोज 10) व्हिडिओ कन्व्हर्ट करताना ब्राउझर पार अडकतो, काय करू?
कन्व्हर्टरची प्रायॉरिटी कमी करा, ब्राउझरची वाढवत बसू नका. कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅबमध्ये कन्व्हर्टरवर राइट क्लिक, सेट प्रायॉरिटी, बिलो नॉर्मल, झालं. विंडोज प्रोसेसरचा वेळ प्रोग्रॅमनुसार नाही तर थ्रेडनुसार (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधलं एकेक चालू काम) वाटतं, आणि कन्व्हर्टर एकटाच ढीगभर थ्रेड घेऊन बसतो मग ब्राउझरच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. ओळखीच्यांचे जुने पीसी मीच बघतो, बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. प्रोग्रॅम बंद करून परत उघडला की हे परत करावं लागतं, वैताग आहे खरा. त्याच यादीतल्या रिअलटाइमच्या (सगळ्यात वरची प्रायॉरिटी) वाटेला जाऊ नका, माउससुद्धा अडकेल. पण टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूऐवजी डिस्क 100% दिसत असेल तर भांडण प्रोसेसरचं नाहीच, बहुधा रॅम कमी पडतेय म्हणून विंडोज डिस्कवर काम भागवतंय, तिथे प्रायॉरिटी बदलून काही उपयोग नाही.