पोळ्याला कारने यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी जायचंय. फोनवरचा नकाशा पुरेल की कागदी नकाशा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून बायकोच्या मामांच्या गावी, झरी जामणी तालुक्यात, पोळ्यासाठी कारने निघायचंय आणि या बाजूला तुम्ही पहिल्यांदाच येताय. वडील म्हणतात रोड ॲटलस सोबत ठेवा, तुम्ही म्हणता फोन असताना कागद कशाला.

मी बियाणं कंपनीचा फील्डवरचा माणूस. घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी, वणी हाच माझा पट्टा, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ गाडीतच जातो. माझ्या मते यवतमाळपर्यंत तुमचं बरोबर आणि त्यापुढे वडिलांचं. फक्त वडील म्हणतात तो ॲटलस नको.

देशभराच्या ॲटलसात एका सेंटिमीटरमध्ये दहा-पंधरा किलोमीटर कोंबलेले असतात. त्यात पांढरकवडा दिसेल, वणी दिसेल, झरीचा ठिपका असला तर असला. मामांचं गाव नसणारच. शिवाय घरातला ॲटलस 2010 च्या आधीचा असेल तर महामार्गांचे नंबरही जुने. तेव्हाचा 7 नंबर आता 44 आहे आणि 6 नंबर या भागात 53 झालाय. वाटेत कोणाला विचारायचं झालं तर यातला एकही नंबर कामाचा नाही. आमच्याकडे 44 ला अजून हैदराबाद रोडच म्हणतात, तसंच विचारा. समृद्धी महामार्ग जुन्या ॲटलसात शोधू नका. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये.

कागद हवा तो मोठ्या प्रमाणावरचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे असतात, म्हणजे एक सेंटिमीटर बरोबर अर्धा किलोमीटर. त्यांच्या पोर्टलवर नोंदणी केली की पीडीएफ मोफत मिळते. जुन्या क्रमांकांप्रमाणे पांढरकवडा 55 एल मध्ये येतं आणि झरी-मुकुटबनचा भाग 56 आय मध्ये, कारण 20 अंश अक्षांशाची रेषा पांढरकवड्याच्या जरा खालून जाते आणि तिथेच शीट बदलतं. (नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत. पण आपल्याला हवं असलेलं गाव शीटच्या कडेलाच येणार, हे नव्या-जुन्या दोन्हींत ठरलेलं!) लागतो तेवढा भाग मोठ्या कागदावर छापून घ्या आणि दोन शीट चिकटवून टाका.

निघायच्या आदल्या रात्री हा कागद जमिनीवर पसरून वडिलांना सोबत घेऊन बसा. रस्ते लाल आहेत, पाणी निळं. जिथे लाल रेषा निळीला कापते तिथे तिथे पेन्सिलने गोल करा. मामांच्या गावाला जायला दोन वाटा असतील तर कोणत्या वाटेवर गोल कमी पडतात ते मोजा. कागदाचा खरा उपयोग हा. फोनच्या पडद्यावर नकाशा बघणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघण्यासारखं आहे. मोठं केलं की आजूबाजूचं जातं, लहान केलं की नाले आणि गावंच गायब होतात. एका नजरेत सगळा पट्टा दिसत नाही, आणि तो दिसल्याशिवाय एक रस्ता बंद निघाला तर दुसरा कुठून, हे सुचत नाही.

या नकाशांतही खोट आहे. त्यांचं सर्वेक्षण जुनं असू शकतं. ज्या वाटेला गाडरस्ता म्हणून दाखवलंय तिथे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचं डांबर पडलेलं असतं, किंवा उलट, रस्ता आता धरणाच्या पोटात असतो. भंडाऱ्याकडे वैनगंगेवर गोसेखुर्द झालं, 1988 ला त्याची पायाभरणी झाली होती. त्याआधीच्या नकाशावर पवनीच्या वरच्या अंगाला दिसणारी कितीतरी गावं आणि वाटा आज बॅकवॉटरखाली आहेत. म्हणून कागदावरच्या रस्त्यांवर फार विसंबू नका, नदी-नाल्यांवर विसंबा. ते सहसा जागा सोडत नाहीत.

आता फोन. फोनवरचा नकाशा रस्ता निवडतो तो मुख्यतः वेळेच्या हिशेबाने. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला किती मिनिटं लागतील याचा अंदाज बांधायचा आणि ज्या वाटेची बेरीज कमी ती दाखवायची. पुण्यात हा अंदाज बरोबर येतो, कारण त्याच रस्त्यावर हजारो फोन चाललेले असतात आणि त्यांच्या वेगावरून गर्दी कळते. झरी तालुक्यातल्या एखाद्या आतल्या वाटेवर दिवसाकाठी चार मोटरसायकली आणि दोन ट्रॅक्टर. तिथे फोनला ताजं काहीच कळत नाही. नकाशात रेघ आहे म्हणजे रस्ता असेल, एवढंच तो धरून चालतो. अन् ती रेघ म्हणजे कधीकधी निव्वळ पांदण असते. दोन्ही बाजूंनी धुरे, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, वर बाभळीच्या फांद्या. उन्हाळ्यात तिथून कारही जाते. ऑगस्टमध्ये तिथे काळ्या मातीचा गारा असतो. टायरच्या खाचा पहिल्या वीस-पंचवीस फुटांतच भरतात, टायर गुळगुळीत होतो, मडगार्डच्या आत माती थापली जाते आणि चाक फिरतं पण गाडी हलत नाही. एक्सलेटर दाबाल तितकी गाडी फसत जाते. मग वावरातून ट्रॅक्टरवाला येईपर्यंत बसून राहायचं. कपाशीच्या फवारणीचे दिवस असले तर तो लवकर येतही नाही.

म्हणून फोनने 'हा रस्ता आठ मिनिटं लवकर' असं सुचवलं की आमच्या भागात ते सरळ नाकारायचं. आठ मिनिटांसाठी डांबर सोडू नये. शंका आली तर किलोमीटरचा दगड बघा. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्यमार्गाचा, केशरी डोक्याचा ग्रामसडकेचा. एकही दगड दिसत नसेल आणि रस्ता अरुंद होत चालला असेल तर वळायला जागा आहे तोवर वळा.

पाण्याचं मात्र ना कागदाला कळत ना फोनला. आतल्या रस्त्यांवर नाल्यांना उंच पूल क्वचितच असतात, बहुतेक रपटे, म्हणजे नाल्याच्या पात्रालगतचे बुटके पूल. वरच्या अंगाला दोन तास पाऊस झाला की खाली ऊन असतानाही रपट्यावरून पाणी वाहतं. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटा नदी चढली की तालुक्याचं गावच जगापासून तुटतं, आणि बऱ्याच पावसाळ्यांत हे होतं. आमच्याच जिल्ह्यात सप्टेंबर 2021 मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटी बस वाहून गेली आणि त्यात माणसं गेली. एसटीच्या ड्रायव्हरला रस्ता सांगायला नकाशा लागत नाही. तेव्हा पाणी रपट्यावरून जाताना दिसलं की थांबायचं, मागे एखादी काळीपिवळी (प्रवासी जीप) हॉर्न वाजवत असली तरी. नाला जसा लवकर चढतो तसा बहुतेक वेळा लवकर उतरतोही. तोवर चहा घ्या.

गावाच्या नावांची भानगड वेगळीच. बोरगाव, वडगाव, हिवरा, पिंपरी, सावंगी अशी गावं दर तालुक्यात मिळतील. तालुक्याच्या गावांचंही तेच. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. सेलू वर्ध्यालाही आहे आणि परभणीलाही. त्यात आमच्याकडे रिठी गावं असतात. महसुली नकाशात नाव असतं, हद्द असते, तिथे सातबारेही निघतात, फक्त माणसं राहत नाहीत. फोनवर ते नाव ठळक दिसतं, तुम्ही पोचता आणि समोर तुरीचं वावर. म्हणून गावाचं नाव टाइप करून निघू नका. मामांना व्हॉट्सॲपवर घराच्या अंगणातून लोकेशन पाठवायला सांगा आणि ते तालुक्याच्या योग्य बाजूला पडतंय का हे कागदावर ताडून बघा. फोन असा वापरला तर त्याच्यासारखा सोबती नाही.

नेटवर्क जाईल म्हणून घाबरू नका. आपण कुठे आहोत हे फोन उपग्रहांवरून काढतो, त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. टॉवर असला तर पहिला ठिपका लवकर सापडतो, इतकंच. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. गूगल मॅप्समध्ये यवतमाळपासून पैनगंगेपर्यंतचा भाग घरीच वायफायवर डाउनलोड करून ठेवा. ऑफलाइन असताना कारचा रस्ता दिसतो, पण रहदारी आणि पर्यायी मार्ग दिसत नाहीत, म्हणजे तो पर्याय तुम्ही आधीच कागदावर हेरलेला हवा. (पुढे कधी मे महिन्यात आलात तर फोन काचेजवळ लावू नका. आमच्या उन्हात तो तापून बंद पडतो. एसीच्या जाळीपाशी लावा.)

रस्ता विचारायची पद्धतही सांगून ठेवतो. फाट्यावरच्या पानठेल्यावर 'गाडी जाते का?' विचारलं की 'जाते नं भाऊ' हेच उत्तर येणार. खोटं काही नाही त्यात, त्याची मोटरसायकल सकाळीच गेलेली असते. विचारायचं ते असं: "या गावाले एसटी येते का? आज आली का?" जिथे एसटी जाते तिथे तुमची कार जाते. एसटी बंद असेल तर का बंद आहे हेही तोच सांगेल, नाल्याच्या नावासकट. अंतर मात्र विचारू नका. "हे काय, इथंच तं आहे" मध्ये एक किलोमीटरही येतं आणि सहाही.

तुमच्या वाटेबद्दल. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धीने कारंजा लाडपर्यंत, मग दारव्हा, यवतमाळ, पांढरकवडा. इथवर फोन लावा आणि निवांत चला. समृद्धीवर एकच लक्षात ठेवा, इंटरचेंज सोडून कुठेही उतरता येत नाही. उतरायची जागा चुकली तर थेट पुढचीच. नांदेडकडून उमरखेड, आर्णीवरून येणारी वाटही आहे, पण तीत पैनगंगा आणि तिचे नाले मध्ये येतात. पावसाचा जोर असेल तर मी ती धरणार नाही. पांढरकवड्यात गाडी थांबवा, टाकी भरा, कागद काढा, मामांना फोन करून आज कोणत्या बाजूने मोकळं आहे ते विचारा. तिथून पुढे अंधारात जायची वेळ आणू नका. वाटेत टिपेश्वर अभयारण्याचा पट्टा आहे आणि रात्री रोही (नीलगाय), रानडुकरं सरळ गाडीसमोर येतात.

अन् पोळ्याच्या आदल्या दिवशीच पोचा, खांदमळणीला, म्हणजे बैलांचे खांदे मळतात तेव्हा. पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर आखरावर, म्हणजे गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेवर, तोरण बांधलेलं असतं, गावातल्या साऱ्या जोड्या तिथे उभ्या असतात आणि गावात शिरायचा रस्ता बहुतेक तोच. पोळा फुटेपर्यंत, म्हणजे तोरण तुटून जोड्या घराकडे निघेपर्यंत, तुमची कार गावाबाहेरच राहील.