७२ तासांची गोळी आणि सर्वपित्रीचं पान

गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की पुढचे तीन-चार आठवडे माझ्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "ताई, ७२ तासांची गोळी घेतली होती, आता पाळी लांबलीय. काय झालं असेल?" मी दापोली तालुक्यात समुपदेशन करते. नवरा मुंबईत, बायको गावी, अशी इथली कितीतरी घरं. वर्षातून दोन-तीनदा होणाऱ्या भेटीसाठी रोजची गोळी कोण घेणार? मग निरोध फाटला की, दिवस राहू नयेत म्हणून ७२ तासांच्या आत घ्यायच्या या गोळीसाठी धावपळ होते. पण पाळीचा प्रश्न बहुतेकदा वरवरचा असतो. पोटातला प्रश्न निघता निघता बाहेर येतो, म्हणून मी अशा बाईला घाईनं वाटेला लावत नाही.

हर्णैच्या बाजूच्या एका वाडीतली ती तिशीतली बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पितृपक्ष संपत आला तेव्हा आली. गणपतीच्या दुसऱ्या रात्री निरोध फाटला होता. गावातल्या मेडिकलमध्ये सगळे ओळखीचे, म्हणून दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून ती एसटीनं दापोलीला आली आणि स्टँडवरच गोळी घेतली. आता पाळी तीन दिवस वर गेली होती. संबंधाला तीन आठवडे उलटले होते, तेव्हा लघवीची तपासणी करून घेतली. दिवस गेलेले नव्हते. तरी चेहरा उतरलेलाच. चपला घालताना म्हणाली, "ताई, सर्वपित्रीला एक पान वेगळं वाढलं तर चालेल?"

"कोणासाठी?"

"मी गोळीनं पाडला त्याच्यासाठी."

तिची जाऊ तिला म्हणाली होती, "काही होत नाही गं, विसर आता." असल्या दिलाशानं मन हलकं होत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहतेय. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. घडलेल्या गोष्टीपेक्षा आपण तिचा लावलेला अर्थ माणसाला जास्त जाळतो, आणि तो अर्थ पुराव्यानं बदलतो. मी तिला दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं कालनिर्णय घेऊन यायला सांगितलं.

पाळीच्या तारखांना लाल पेनानं गोल केलेले होते. गोळी घेतली तो पाळीचा चौदावा दिवस. "चौदाव्या दिवशीच बीज सुटतं ना? म्हणजे गर्भ धरला आणि मी तो धुऊन काढला." ही समजूत घेऊन ती तीन आठवडे जगत होती.

मी म्हटलं, "ते चौदा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे. तुझी पाळी किती दिवसांनी येते?" तिनं गोलांवरून बोट फिरवलं. बत्तीस, बत्तीस, तेहतीस. "बत्तिसातून चौदा गेले... अठरा," ती हळूच म्हणाली.

मग मी तिला गोळीचं काम सांगितलं. मेंदूतल्या ग्रंथीतून एका संप्रेरकाची लाट येते आणि त्यानंतर साधारण दीड दिवसात अंडाशयातून बीज सुटतं. ही लाट सुरू व्हायच्या आत गोळी पोटात गेली, तर बीज सुटणं थांबतं किंवा लांबतं. बंदरावर बावटा लागला की होडी सुटत नाही, पण सुटून गेलेल्या होडीला बावटा परत आणू शकत नाही. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतं, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. त्यांची गाठ पडू न देणं एवढंच ही गोळी करते.

"म्हणजे तेव्हा बीज सुटलंच नव्हतं?"

"बहुधा नाही. आणि सुटणं लांबलं म्हणूनच पाळीही लांबलीय."

"आणि सुटलं असतं तर?"

"तर गोळीनं काहीच केलं नसतं. बीज सुटल्यावर गोळी घेतलेल्या बायकांना, न घेतलेल्यांइतकेच दिवस राहिले, असं अभ्यासांत दिसलंय."

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड मिटून बसावं. "म्हणजे कसंही धरलं तरी मी काही पाडलेलं नाही," ती म्हणाली, आणि मग, "मी पान वाढणार होते ते कोणासाठी?" असं म्हणून रडली. हे उत्तर तिचं तिनं काढलं, याचं मला फार समाधान आहे. मी नुसतं "तू निर्दोष आहेस" म्हटलं असतं, तर ती मान हलवून गेली असती आणि पान वाढलंच असतं. चार दिवसांनी पाळी आली.

आणखी एक सांगते. गर्भपात केलेली बाईही माझ्या लेखी पापी नाही. १९७१ पासून त्याचा कायदा आहे. पण जे केलंच नाही त्याचं ओझं कोणी का वाहावं? संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली मुंबईत काढणारे र. धों. कर्वे आमच्या इथल्या मुरूडचे. शंभर वर्षं उलटून गेली तरी त्याच किनाऱ्यावरच्या बायका चोरून एसटीनं गोळी आणायला जातात, याचा मला राग येतो.

गोळी घेऊनही दिवस राहिलेल्या बायका येतात, त्यांची बहुतेक बीज सुटायची वेळ अगदी जवळ आलेली किंवा टळलेली असते. गोळीमुळे गर्भात व्यंग येत नाही, हे त्यांना आधी सांगते. ७२ तास आहेत म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी घ्या. ती वेळ टळली असेल किंवा बीज सुटायचे दिवस असतील, तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेता येते. तिचा भरवसा गोळीहून पुष्कळ जास्त, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत बसवतात. गोळीनं बीज सुटणं पुढे ढकललेलं असतं, म्हणून त्यानंतरच्या संबंधात निरोध हवाच. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करा. दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते. टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर त्यांतल्या काहींमुळे गोळीचा जोर कमी पडतो, तेव्हा डॉक्टरांना ते आधीच सांगा.